करार आहे म्हणून वीजदर वाढत नाहीत? कलम तेवढे बरोबर, कायदा चुकला

एप्रिल आला की वीजबिलाच्या मागोमाग हा मेसेज येतोच. मजकूर थोडक्यात असा: ‘जोडणी घेताना तुमचा वीज कंपनीशी करार झाला. करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तो दोघांच्या संमतीशिवाय बदलत नाही. कंपनी मनाला येईल तेव्हा दर वाढवते. सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्येच हे चूक ठरवले. जुन्या दराने बिल भरा, वीज कोणी तोडू शकत नाही.’

आधी करार. घरगुती जोडणीसाठी भरलेला ए-१ अर्ज जपून ठेवला असेल तर काढून बघा. युनिटला इतके पैसे, असा आकडा त्यात सापडणार नाही. वेळोवेळी लागू असेल त्या दराने पैसे भरीन, ही हमी मात्र तुमच्या सहीनिशी असते. म्हणजे दर बाहेरून येणार, हेच करारात मान्य केलेले आहे. आणि कलम ६२ म्हणाल, तर १८७२ च्या करार कायद्यात ते आहे, २००३ च्या वीज कायद्यातही आहे. विजेचे दर ठरतात ते दुसऱ्या कायद्यातल्या कलम ६२ खाली.

‘कंपनी मनाला येईल तेव्हा’ हेही खरे नाही. दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. कंपनीने प्रस्ताव जाहीर करायचा, लोकांनी सूचना-हरकती द्यायच्या आणि आयोगाने १२० दिवसांत निकाल द्यायचा, अशी कायद्याची चाल आहे. दर साधारणपणे आर्थिक वर्षात एकदाच बदलता येतो. इंधन समायोजन आकार, म्हणजे इंधनाच्या खर्चातल्या चढउतारापोटीचा आकार, हा त्याला अपवाद, म्हणून बिलातली ती ओळ अधूनमधून हलते. तिच्याजवळच छापलेले विद्युत शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के, ते मात्र राज्य सरकारचे. त्यासाठी आयोगाच्या दारात जाऊन उपयोग नाही.

आता १९७५. मेसेजात थोडे तरी तथ्य असेल तर ते इथे आहे. इंडियन अॅल्युमिनियम कंपनीने केरळच्या वीज मंडळाशी खास दराचा करार केला होता. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यात कलम ४९(३) खाली असे खास करार करायची मुभा होती. तो करार मुदतीआधी एकतर्फी बदलून दर वाढवता येणार नाही, असे कोर्टाने खरोखरच सांगितले. पण त्याच वर्षी टिटागढ पेपर मिल्सच्या खटल्यात ओडिशाच्या मंडळाच्या बाजूने निकाल गेला, कारण तिथल्या करारातच दर बदलायची सोय लिहिलेली होती. तुमचा-आमचा अर्ज या दुसऱ्या जातीचा. शिवाय तो १९४८ चा कायदा २००३ मध्ये रद्द झाला. २०१० मध्ये पीटीसी इंडिया या वीज व्यापार कंपनीच्या खटल्यात घटनापीठाने सांगितले की केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने वीज कायद्याच्या कलम १७८ खाली केलेले विनियम आधीपासून चालू असलेल्या करारांनाही लागू होतात, करारांनी त्यांच्याशी जुळवून घ्यायचे. मेसेजात हा निकाल कसा येणार?

म्हणून सरकारने वाटेल ते करावे असेही नाही. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये नव्या सरकारने पवन आणि सौर प्रकल्पांशी आधी झालेल्या करारांचे दर खाली आणायचा घाट घातला. उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये करारातल्या दरानेच पैसे द्यायला लावले. तिथे दराचा आकडा करारात होता, आपल्या ए-१ अर्जात तो नाही. मेसेज पाठवणाऱ्याच्या ध्यानात न आलेला फरक तो हाच.

शेवटचा सल्ला मात्र घातक आहे. जुन्या दराने भरलेत तर उरलेली रक्कम थकबाकी होते आणि वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन जोडणी तोडता येते. बिल चुकीचे वाटत असेल तर त्याच कलमात वाट दिली आहे: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती ‘हरकत नोंदवून’ भरायची. वाद निकाली निघेपर्यंत मग वीज तोडता येत नाही. तक्रार आधी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तिथे समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे न्यायची.

आणि कलम ६२ चा एवढाच सोस असेल, तर वीज कायद्यातल्या ६२ चे पोटकलम ६ फॉरवर्ड करा की. आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केले असेल, तर ते पैसे बँक दराच्या व्याजासह परत मागता येतात.