'एसीत बसून लिहिलंय' म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, शेवाळापासून तेल काढण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "एसीत बसून लिहिलेला लेख. नायट्रोजन तोडला की तेल वाढतं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात तोटा कसला? खान्देशात ऊन फुकट आहे आणि तुम्ही लोकांना घाबरवता." मतभेद असू द्या हो, पण ही बोलायची काय पद्धत झाली? एमएस्सीला असताना जळगावात ऐन मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये क्लोरेलाच्या (एकपेशीय हिरव्या शेवाळाच्या) टाक्या ढवळल्यात मी, एसी कुठला, पंखासुद्धा धड नव्हता.

आता नायट्रोजनचं. तेल वाढतं, हे मी नाकारलंय कुठे? युरिया किंवा नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं खत, संपलं की पेशीला प्रोटीन बनवता येत नाही, तिचं विभाजन मंदावतं, पण प्रकाश मिळतच असतो म्हणून कार्बन तेलाच्या रूपात साठायला लागतो. टाकीचा गर्द हिरवा रंग उतरून पिवळट होतो, आणि नाईल रेड हा तेलाला चिकटणारा रंग टाकून फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघितलं की पेशीत सोनेरी थेंब चमकतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कुठल्या व्हिडिओत नाही.

पण भाऊ, वाढ थांबते त्याचं काय? समजा चांगल्या टाकीत १०० ग्रॅम सुकं शेवाळ, तेल २० टक्के, म्हणजे २० ग्रॅम. नायट्रोजन तोडलेल्या उपाशी टाकीत तेल ३५ टक्के, पण शेवाळच ५० ग्रॅम, म्हणजे साडेसतरा. टक्का वाढला, तेल घटलं! शेवाळापासून इंधन काढायचा अमेरिकन सरकारचा अ‍ॅक्वॅटिक स्पीशीज प्रोग्रॅम १९७८ ते १९९६ चालला, त्यांनाही शेवटी हेच दिसलं. म्हणूनच आधी खाऊपिऊ घालून भरपूर वाढवायचं आणि मग उपाशी ठेवायचं, असे दोन टप्पे मी लेखात सांगितले होते, ते तुम्ही वाचलेच नाहीत असं दिसतं.

उन्हाचं म्हणाल तर एका मर्यादेपुढे जास्तीचा प्रकाश शेवाळाला वापरताच येत नाही, उलट इजा होते, आणि क्लोरेलाच्या बहुतेक जातींना २५ ते ३० अंश मानवतात, भुसावळचे ४५ नाही. उथळ टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं, हा तुम्ही पुढे लिहिलेला मुद्दा मात्र बरोबर आहे, कबूल.

सबसिडी, स्पिरुलिना वगैरे जे लिहिलंय त्याचा इथे काही संबंध नाही, स्पिरुलिना हे निळं-हिरवं शेवाळ प्रोटीनसाठी करतात, तेलासाठी नाही. आणि पुढच्या वेळी नुसता टक्का सांगू नका, लिटरमागे रोज किती ग्रॅम तेल निघालं ते लिहा, मग बोलू.