डेव्हनचा रिव्हर्स गिअर

इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या डेव्हन परगण्यात राहायला येणाऱ्याला काय काय मिळतं, हे घर दाखवणारा एजंट फार गोड आवाजात सांगतो. उत्तरेला एक समुद्रकिनारा, दक्षिणेला दुसरा. मधोमध डार्टमूरचा ९५४ चौरस किलोमीटरचा माळ आणि त्यावर मोकळी हिंडणारी तट्टं. एक्झिटर शहराचं जुनं कॅथेड्रल. एम-फाइव्ह हा मोटरवेसुद्धा एक्झिटरला येऊन संपतो, म्हणजे पुढं सगळी शांतताच. यातलं एक अक्षर खोटं नाही. मोटरवे संपल्यावर घरापर्यंत जायचं कशावरून, एवढंच तो बोलत नाही.

बायकोला एक्झिटरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. माझं काम लॅपटॉपवरचं, त्यामुळे मला कुठंही उचलून ठेवलं तरी चालतं. शहरातली भाडी ऐकून आम्ही क्रेडिटनच्या बाजूच्या एका खेड्यात घर घेतलं. फोटो बघून कोल्हापुरात आईनं विचारलं, "हे घर आहे की कॅलेंडर?"

घर कॅलेंडरच आहे. पण त्याच्याकडे येणारा रस्ता एका गाडीपुरता आहे. नीट सांगायचं तर एका गाडीतून आरसे वजा केले तर जेवढी गाडी उरते, तेवढा. दोन्ही बाजूंना मातीचे, दगडांनी बांधून काढलेले बांध, त्यांच्यावर झुडपांची दाटी. यातले कित्येक बांध मध्ययुगापासूनचे आहेत, त्यामुळे गाडीला ओरखडा पडला की तो ऐतिहासिक समजायचा. बांध माझ्या डोक्याच्या वर जातात. वळणापलीकडं काय आहे ते दिसत नाही, शेत दिसत नाही, गाव दिसत नाही. रस्त्याच्या मध्यभागी गवत उगवलेलं असतं. आणि अशा रस्त्यावर कायद्यानं ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर वेगाची मुभा आहे! ती मुभा कोण वापरतं ते मला माहीत आहे: कुरिअरवाला.

आता समोरून गाडी आली की काय करायचं? इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तकात, त्यावर नियम क्रमांक १५५ आहे. ठरावीक अंतरावर रस्ता जरा रुंद केलेला असतो. तो आपल्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर थांबायचं, चढ चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं आणि गरज पडली तर मागं जायचं. वाचायला सोपं आहे. पण आमची सगळी ड्रायव्हिंग गेली कोल्हापुरात. तिथं समोरासमोर गाड्या आल्या की पहिल्यांदा दोघंही इंजिन बंद करतात, मग खिडकीतून एकमेकांची गावं विचारली जातात, त्यात एखादा पाहुणा निघतो आणि मग ज्याचा पाहुणा लांबचा तो मागं जातो. मागं जाण्याआधी एवढी पूर्वतयारी लागते. इथं समोरची बाई नुसती हसते आणि वाट बघते.

बरं, आपल्या भारतीय लायसन्सवर इथं बारा महिनेच गाडी चालवता येते. नंतर पहिल्यापासून परीक्षा. लेखी परीक्षेत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर यायला हवेत. शिवाय व्हिडिओ बघून धोका ओळखायचा. मग रस्त्यावरची चाचणी. तिच्यात बारीकसारीक चुका १५ पर्यंत माफ, मोठी एक झाली तरी नापास. मी पास झालो, हे आधी सांगून टाकतो, कारण हा भाग सांगितला की लोक माझ्याकडं कीव आल्यासारखं बघतात. पण परीक्षकानं मला रिव्हर्स घ्यायला लावला तो किती? दोन गाड्यांच्या लांबीएवढा. सरळ, रुंद, रिकाम्या रस्त्यावर! परीक्षेनंतर पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीत दुधाचा टँकर समोर आला आणि मी वळणं घेत घेत दोनशे-अडीचशे मीटर मागं गेलो. फाटकावरून गाई बघत होत्या. परीक्षक तिथं बसवायला हवा.

शत्रुत्व परवडलं, पण इथल्या लोकांची सभ्यता भारी पडते. मी मागं जायला लागलो की समोरच्याला वाईट वाटतं आणि तोही मागं जायला लागतो. मग मला वाईट वाटतं, मी पुढं येतो. तोही पुढं येतो. पंगतीत शेवटचा लाडू एकमेकांच्या पानात सरकवणारे व्याही असावेत, तसं हे चालतं. शेवटी कुणीतरी निघून जातं आणि जाताना स्टिअरिंगवरची तर्जनी इंचभर वर उचलतं. हा इथला नमस्कार. पूर्ण हात हलवला की तुम्ही नवे. आरतीला उभं राहिल्यासारखे दोन्ही हात मी जोडले होते, ते गावात अजून आठवतात.

बाकी नव्या माणसाला खेडं बरंच काही देतं, यात शंका नाही. घरपट्टी, म्हणजे कौन्सिल टॅक्स, घराची १९९१ साली काय किंमत असती त्यावरून ठरते. घर परवा बांधलेलं असलं तरी १९९१ सालीच जायचं. सरकारी योजनेतला दातांचा डॉक्टर मिळणं अवघड, म्हणून आमचे दात कोल्हापूरच्या सुट्टीची वाट बघत दुखतात. चर्चची घंटा वाजवायला माणसं कमी पडतात, तिथून आमंत्रण आलं. पबमध्ये स्किटल्स, म्हणजे चेंडूनं लाकडी खुंट्या पाडायचा खेळ, खेळायला आलं. गावातलं दुकान गावकरीच आळीपाळीनं, बिनपगारी चालवतात, तिथून तर पहिल्याच दिवशी आलं. साय मात्र मनापासून आवडली. स्कोन म्हणजे चहासोबतचा छोटा पावासारखा केक, त्याच्यावर आधी घट्ट साय थापायची आणि वर जॅम, ही डेव्हनची रीत. शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर साय. यावरून दोन परगण्यांत जे काही बोललं जातं ते ऐकून पुणे-मुंबईवाल्यांनी गप्प बसावं. मी दोन्ही बाजूंना साय लावतो आणि कुणाला दाखवत नाही.

ब्रिटनच्या हवामान खात्याचं मुख्यालय २००३ पासून एक्झिटरमध्येच आहे. अंदाज बरोबर निघतो. पाऊस म्हणतात आणि पाऊस पडतो.

या सगळ्यात गेल्या उन्हाळ्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील, गगनबावडा डेपोचे निवृत्त एसटी कंडक्टर. करूळ आणि भुईबावडा घाटांत त्यांचा जन्म गेला. आल्या आल्या त्यांना डार्टमूर दाखवलं. सगळ्यात उंच जागा ६२१ मीटर आहे म्हटल्यावर, "चढ कुठनं चालू होतो?" असं त्यांनी विचारलं. डॉलिशला समुद्राला खेटून जाणारी रेल्वे मात्र त्यांना पसंत पडली. २०१४ च्या फेब्रुवारीत वादळानं तिथली भिंत फोडली, रूळ हवेत लोंबकळत होते, दोन महिने लाइन बंद होती, हे सांगितल्यावर ते समाधानानं म्हणाले, "आमच्या कोकण रेल्वेवर दरड येती, ह्यांच्यात समुद्र येतोय. चालायचंच."

ऑगस्टमधला शनिवार. शाळांना सुट्ट्या, सगळा इंग्लंड डेव्हनला लोटलेला. आम्ही आमच्या गल्लीत निम्म्यावर आलो आणि समोर गवताच्या गठ्ठ्यांचा ट्रॅक्टर. मागं बघतो तर कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढणारी गाडी आणि तिच्या मागं कुरिअरची व्हॅन. ट्रॅक्टरला ट्रेलर, तो मागं जाणार नाही. कॅरव्हॅन चालवणाऱ्याचा चेहरा बघून तोही जाणार नाही हे कळत होतं. सगळे एकमेकांकडं बघून हसत होते. इंग्लंडमध्ये ही परिस्थिती तासभर टिकू शकते.

आप्पांनी दार उघडलं. दार पूर्ण उघडायला जागा नव्हती, तरी ते बांधाला पाठ घासत बाहेर निघाले. "आप्पा, बसा हो, इथं असं कुणी उतरत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर अडकलंय," आप्पा म्हणाले आणि चालू लागले.

पहिल्यांदा त्यांनी सगळ्यात मागच्या कुरिअरवाल्याला शेताच्या फाटकात घातलं. मग कॅरव्हॅन. तिच्या मागच्या कोपऱ्यापाशी उभं राहून, पत्र्यावर तळवा थापटत, अस्सल कोल्हापुरीत, "यू दे, यू दे, यू दे... जरा डावीकडं... आरं डावीकडं म्हणतोय न्हवं... यू दे... बास!" त्या गृहस्थाला मराठीचा गंध नव्हता. पण डावीकडं म्हटलं की तो डावीकडं घेत होता. त्याची बायको शेजारी बसून त्याला तेच इंग्रजीत सांगत होती, तिचं तो ऐकत नव्हता. कॅरव्हॅन रुंद जागेत गेली. त्यानंतर माझी पाळी. मला त्यांनी हातानंच सांगितलं, आणि त्यात जरा तुच्छता होती. शेवटी ट्रॅक्टर हळूहळू आमच्या आरशाला चाटून पुढं सरकला, तेव्हा आप्पांनी ट्रेलरवर दोनदा थाप मारली. डबल बेल. शेतकऱ्यानं मागं न बघता ट्रॅक्टर सोडला.

आप्पा परत गेले. त्यानंतरच्या आठवड्यात मी दुकानात दूध आणायला गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तुमचे वडील पुन्हा कधी येणार? गावच्या जत्रेला गाड्या लावायला शेतात माणूस लागतो. व्हिसाला पत्र हवं असेल तर आम्ही देऊ." मी म्हटलं, जत्रेला मी आहेच की इथं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतून माझ्या गाडीच्या आरशाकडं बघितलं आणि दुधाचे किती झाले ते सांगितलं.