एमडीएमए भूक मारायची गोळी होती? नाही, कधीच नव्हती

एक मेसेज सध्या भरपूर फॉरवर्ड होतोय. त्यात म्हटलंय की एमडीएमए, म्हणजे लोक ज्याला एक्स्टसी म्हणतात ते नशेचं द्रव्य, जर्मनीच्या मर्क कंपनीने १९१२ मध्ये भूक कमी करायला बनवलं, पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांना खायला दिलं, मग १९८५ पर्यंत जगभर ते कायदेशीर होतं, आणि अमेरिकेने एका रात्रीत, कुणाचं काही न ऐकता बंदी घातली, आणि आता तिथेच त्याला औषध म्हणून मान्यता मिळालीये. मर्क आणि १९१२ एवढं बरोबर आहे, बाकी बहुतेक सगळं ठोकून दिलंय.

आधी भुकेचं बघू. मर्कला हवं होतं रक्तस्राव थांबवणारं औषध. त्यासाठी हायड्रास्टिनिन वापरात होतं पण ते बनवायच्या पद्धतीचं पेटंट बायर या दुसऱ्या कंपनीकडे, म्हणून मर्कचा केमिस्ट आंटोन कॉलिश मेथिलहायड्रास्टिनिनकडे जायचा वेगळा रस्ता शोधत होता आणि त्या रस्त्यात मधला टप्पा म्हणून हे संयुग आलं, बस. २४ डिसेंबर १९१२ ला पेटंटचा अर्ज, १९१४ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्यात भुकेबद्दल एक अक्षर नाही. २००६ मध्ये मर्कच्याच अर्काइव्हमधले मूळ कागद तपासून संशोधकांनी हे छापलंय, तरी गोष्ट मरत नाही. मला वाटतं घोळ 'एमडीए' या संयुगामुळे झालाय, ते याचंच भाऊबंद, त्याच्यावर स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या औषध कंपनीने भूक कमी करण्यासाठी खरोखर काम केलं होतं, पण ते १९५० नंतर.

सैनिकांना दिल्याचा तर काहीच पुरावा नाही. मर्कमध्ये त्याच्या परिणामाची पहिली तपासणीच १९२७ ची आहे, म्हणजे युद्ध संपून नऊ वर्षं झाल्यावर. सैन्याचा संबंध आला तो अमेरिकन, १९५३-५४ मध्ये, मिशिगन विद्यापीठात, आणि तेही प्राण्यांवर. ते निकाल १९७३ मध्ये छापून आले. मला या मुद्द्याचा जास्त राग येतो कारण खाली कमेंटमध्ये लगेच कुणीतरी लिहितं की सैनिक खायचे मग आपल्याला काय होणार. होतं ना. शरीराचं तापमान धोकादायक वाढतं, काही जण भीतीने पाणी पीत सुटतात आणि रक्तातलं सोडियम खाली येतं, दोन्हीने माणसं मेलेली आहेत.

१९८५ पर्यंत जगभर कायदेशीर हेही चूक. ब्रिटनने १९७७ मध्येच एका नावावर नाही तर रासायनिक रचनेच्या अख्ख्या गटावर नियम केला, त्यात हे आपोआप क्लास ए मध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात कडक वर्गात गेलं.

आता एका रात्रीत, कुणाचं न ऐकता, हा भाग. इथला खरा इतिहास या मेसेजपेक्षा कितीतरी जास्त विचार करायला लावणारा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय. अमेरिकन केमिस्ट अलेक्झांडर शुल्गिनने सत्तरच्या दशकात हे पुन्हा बनवलं, त्याच्याकडून ते लिओ झेफ या थेरपिस्टकडे आणि तिथून इतर बऱ्याच थेरपिस्टकडे गेलं. १९८४ मध्ये डीईएने, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, ते शेड्यूल १ मध्ये, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य नसलेल्या सगळ्यात कडक यादीत, टाकायचा प्रस्ताव काढला तेव्हा डॉक्टर आणि प्राध्यापकांनी हरकत घेतली, सुनावणी मागितली आणि ती मिळालीसुद्धा. सुनावणीचा निकाल यायच्या आधीच १ जुलै १९८५ पासून तातडीची बंदी लागू झाली हे खरं, आणि ते मला आजही पटत नाही. पण पुढे १९८६ मध्ये डीईएचेच न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनी सगळं ऐकून शेड्यूल ३ सुचवलं, म्हणजे संशोधनाला आणि डॉक्टरी वापराला वाव राहिला असता. डीईएचे प्रमुख जॉन लॉन यांनी ते बाजूला ठेवलं आणि शेड्यूल १ केलं. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ लेस्टर ग्रिनस्पून कोर्टात गेले, आणि १९८७ मध्ये कोर्टाने सांगितलं की एफडीएची (औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेची) मंजुरी नाही एवढ्यावरून मान्य वैद्यकीय उपयोगच नाही असं ठरवता येत नाही. त्यामुळे काही आठवडे ते शेड्यूल १ च्या बाहेरही होतं! मग डीईएने नवीन कारणं देऊन मार्च १९८८ मध्ये परत आत टाकलं. म्हणजे ऐकलं, ऐकून घेऊन डावललं, आणि हा आरोप मेसेजमधल्या आरोपापेक्षा गंभीर आहे. कुणाला भांडायचंच असेल तर यावर भांडा ना.

शेवटचा दावा, मान्यतेचा. एफडीएने २०१७ मध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या आघातानंतर होणाऱ्या मानसिक आजारासाठी, ब्रेकथ्रू थेरपी दर्जा दिला, त्याने तपासणी लवकर होते, विक्रीला परवानगी मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्ज नाकारून आणखी एक मोठी चाचणी करायला सांगितली. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून खास परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ पीटीएसडीसाठी ते लिहून देऊ शकतात, मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक हीच बातमी अमेरिकेच्या नावावर खपवलीये.