‘ट्रू ग्रिट’ पुन्हा का काढावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ट्रू ग्रिट’ या १९६९च्या वेस्टर्नपटाच्या, २०१०च्या डिसेंबरात येऊ घातलेल्या नव्या आवृत्तीची मी उत्सुकतेने वाट पाहतो आहे, असे मागच्या लेखात लिहिल्यावर कोणीतरी माझे कान उपटणार याची कल्पना होतीच, ते काम आपण इतक्या मुद्देसूदपणे केलेत याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की त्यातला एकाक्ष मार्शल (सरकारी पोलीस अधिकारी) रूस्टर कॉगबर्न म्हणजे जॉन वेन, त्याच भूमिकेने त्याला आयुष्यातले एकमेव ऑस्कर मिळवून दिले, तेव्हा तिथे जेफ ब्रिजेसला उभे करणे हा अगोचरपणा आहे. नव्या चित्रपटाचे दिग्दर्शक कोएन बंधू, त्यांना कशाचीही खिल्ली उडवल्याशिवाय राहवत नाही. आणि सांगण्याजोगे नवे काही न उरल्यामुळे हॉलिवूड जुन्याच मालाला रंग लावून तो पुन्हा विकायला काढते.

आधी माझी चूक कबूल करतो. वेनला ते ऑस्कर केवळ ज्येष्ठतेचा मान म्हणून मिळाले, असे मी लिहिले होते, ते अन्यायकारक होते. आपण म्हटल्यावरून १९६९चा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. एकसष्टाव्या वर्षी, सुटलेल्या पोटानिशी, स्वतःच्याच प्रतिमेची थट्टा करत घोड्यावर बसणारा हा माणूस निव्वळ मान घ्यायला आलेला नाही. शिवाय ज्या मार्गेरीट रॉबर्ट्सची ही पटकथा, तिचे नाव एके काळी हॉलिवूडच्या काळ्या यादीत (कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काम नाकारलेल्यांच्या यादीत) होते आणि वेन त्या यादीचा कट्टर पाठीराखा होता. तरीही पटकथा आवडल्यावर त्याने राजकारण आड येऊ दिले नाही, हेही त्याच्या पदरी घालायला हवे.

मात्र आपली सारी प्रतिक्रिया रूस्टरभोवती फिरते, आणि माझी अडचण नेमकी तिथेच आहे. चार्ल्स पोर्टिसची १९६८ची मूळ कादंबरी रूस्टरची नाहीच. ती मॅटी रॉसची आहे. आर्कान्सामधल्या यल काउंटीतली ही चौदा वर्षांची मुलगी, बापाचा खून करून पळालेल्या टॉम चेनीला फासावर पोहोचवण्यासाठी फोर्ट स्मिथला येऊन मार्शल भाड्याने घेते, आणि ही सगळी हकिगत ती पुढे अनेक वर्षांनी, अविवाहित, पैशाअडक्याला चोख आणि बायबलवर बोट ठेवून बोलणारी प्रौढ बाई म्हणून आपल्याला सांगते. कादंबरीची सगळी गंमत त्या आवाजात आहे. माणसे मरत असतानाही ती हिशेब चुकू देत नाही, विनोद करते आहे हे तिच्या गावीही नसते, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. दिग्दर्शक हेन्री हॅथवेच्या १९६९च्या चित्रपटात घोडेव्यापाऱ्याशी तिची घासाघीस फार चांगली उतरली आहे, हे मान्यच आहे. पण निवेदन गेल्यामुळे ती रूस्टरच्या गोष्टीतले एक पात्र होऊन राहते, आणि मॅटी झालेली किम डार्बी चित्रीकरणाच्या वेळी एकवीस वर्षांची असल्यामुळे ‘एवढीशी पोर हे करते आहे’ हा मूळ धक्काच नाहीसा होतो. नव्या चित्रपटात मॅटीच्या भूमिकेसाठी निवडलेली हेली स्टाइनफेल्ड चित्रीकरणाच्या वेळी तेरा वर्षांची होती. माझ्या उत्सुकतेचे निम्मे कारण हेच आहे.

उरलेले निम्मे कारण म्हणजे शेवट. (ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे.) कादंबरीत खड्ड्यात पडलेल्या मॅटीला साप चावतो, रूस्टर तिला घेऊन रात्रभर घोडा पळवतो, तिचा लाडका घोडा वाटेत कोसळून मरतो, आणि इतके करूनही तिचा हात कापावा लागतो. पंचवीस वर्षांनी रूस्टर एका फिरत्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळात काम करतो असे कळल्यावर ती त्याला भेटायला मेम्फिसला जाते, तर तो काही दिवसांपूर्वीच वारलेला असतो. मग ती त्याचे शव आपल्या घराण्याच्या दफनभूमीत आणते. १९६९च्या चित्रपटात हात शाबूत राहतो, फक्त झोळीत येतो, आणि बर्फातल्या त्या दफनभूमीत जिवंत रूस्टर तिचा निरोप घेऊन कुंपणावरून घोडा उडवतो. दृश्य देखणे आहे, मलाही आवडते. पण सूडाची जी किंमत पोर्टिसने त्या मुलीकडून वसूल केली होती, ती तिथे माफ झाली आहे.

डोळ्यावरच्या पट्टीचा आपला टोमणा वाचून हसलो. वेनची पट्टी डाव्या डोळ्यावर, ब्रिजेसची उजव्या, हे खरेच आहे. पण कादंबरीतला रूस्टर पट्टी बांधतच नाही, उलट त्याला भरघोस मिशा आहेत. दातांत लगाम धरून चौघांवर चालून जाण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग मात्र पोर्टिसचाच, फक्त तिथे रूस्टरच्या दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर आहेत, वेनच्या एका हातात रायफल आहे. ज्याला आपण ‘वेनचा रूस्टर’ म्हणतो त्यातले बरेच वेनच्या आधीचे आहे आणि थोडे वेनने आणलेले. ते वेगळे करून पाहायला काय हरकत आहे?

रिमेकविषयीच्या आपल्या सर्वसाधारण तक्रारीत तथ्य आहे. ‘३:१० टू युमा’चे आपण दिलेले उदाहरण मला पूर्ण पटते: १९५७चा दीड तासाचा घट्ट विणलेला चित्रपट २००७मध्ये दोन तासांवर ताणला गेला, आणि शेवटी टोळीप्रमुख वेडने आपल्याच टोळीला गोळ्या घालणे कितीही प्रयत्न केला तरी गळी उतरत नाही. कोएन बंधूंबद्दलची भीतीही निराधार नाही, कारण २००४मध्ये ‘द लेडीकिलर्स’ पुन्हा काढताना त्यांनी मूळच्या इंग्लिश मिश्कीलपणाचा पार चोथा केला होता. परंतु त्याच दोघांनी २००७मध्ये कॉर्मॅक मॅकार्थीची ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ पडद्यावर आणताना आपली थट्टेखोर वृत्ती लेखकापुढे आवरून धरली होती. या वेळी आपण जुन्या चित्रपटाकडे नव्हे, कादंबरीकडे जात आहोत, असे ते सांगतात. पोर्टिसचा विनोद कोरड्या चेहऱ्याचा आहे. तो या दोघांच्या स्वभावाला मुळातच जवळचा असल्यामुळे त्यांना वरून मीठमसाला घालावा लागू नये, असा माझा अंदाज आहे.

एका गोष्टीला मात्र मीही मुकणार आहे. जुन्या चित्रपटाचा छायाचित्रकार ल्यूसियन बॅलार्डने कोलोरॅडोतल्या रिजवे-उरे भागात टिपलेली पिवळी झाडे आणि हिमशिखरे कथेतल्या फोर्ट स्मिथच्या आसपास कुठेही सापडणार नाहीत, पण पडद्यावर ती पाहताना भूगोलाची आठवण कोणाला होते? कथा हिवाळ्यातली आहे, तेव्हा नव्या चित्रपटातल्या रॉजर डीकिन्सच्या छायाचित्रणात उघडी बोडकी झाडे आणि राखाडी आभाळच जास्त दिसेल असे वाटते, आणि आपल्याला ते रुक्ष वाटले तर मी वाद घालणार नाही.

चित्रपट २२ डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेत प्रदर्शित होईल, आपल्याकडे त्यानंतर केव्हातरी. मी पहिल्यांदा पाहणार आहे ते एवढेच की एका हाताची, चाळिशीकडे आलेली मॅटी पडद्यावर येते की नाही. ती आली नाही, तर नुसती नटांची अदलाबदल झाली हे आपले म्हणणे खरे ठरेल, आणि तसे मी याच जागी लिहीन.