‘इम्युनिटी वाढवा, संधिवात घालवा’ : फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

गेली काही वर्षं एक लांबलचक संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा सारांश असा : रुमेटॉइड आर्थ्रायटिस (सांधे सुजवणारा एक संधिवात), ल्यूपस (सांध्यांसह अनेक अवयवांवर परिणाम करणारा आजार) यांसारखे आजार प्रतिकारशक्ती कमी झाल्याने होतात. शरीर स्वतःवर हल्ला करतं हे थोतांड आहे. आरए फॅक्टर (संधिवातासाठी रक्तात तपासला जाणारा एक घटक) निगेटिव्ह आला की आजार नाहीच. संधिवातात दिलं जाणारं मेथोट्रेक्झेट हे कॅन्सरचं विष आहे. पाऊणशे वर्षांच्या संशोधनातून स्टिरॉइडपलीकडे काही हाती लागलं नाही. तेव्हा पोट साफ ठेवा, इम्युनिटी वाढवा आणि गोळ्या बंद करा.

यातली एखाद-दुसरी गोष्ट अर्धवट खरी आहे, आणि म्हणूनच बाकीचं पटकन पचतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणून हा आजार होतो, ती वाढवली की बरा होतो’

प्रतिकारशक्ती म्हणजे पातळी खाली गेली की वरून भरायची पाण्याची टाकी नव्हे. त्यात डझनावारी प्रकारच्या पेशी आहेत, त्यांचे आपापसातले रासायनिक निरोप आहेत, आणि त्यातले कित्येक निरोप ‘थांब’ असं सांगणारे आहेत. रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्याच्या आतलं पातळ आवरण सुजून जाड होतं, कारण तिथे जमलेल्या पेशी दाह पेटवणारी प्रथिनं सतत सोडत राहतात. त्यांचं काम कमी पडत नसतं. ते थांबत नसतं.

‘इम्युनिटी वाढवणं’ या शब्दांचा खरा अर्थ काय, हे एका वेगळ्या क्षेत्रात, कॅन्सरच्या उपचारांत, अगदी स्पष्ट दिसलं आहे. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं ते प्रतिकारपेशींचे ब्रेक शोधून ते कसे सोडवायचे हे दाखवल्याबद्दल. त्यावर बेतलेल्या औषधांमुळे टी पेशी नावाच्या प्रतिकारपेशी कॅन्सरवर तुटून पडतात आणि अनेक रुग्णांचं आयुष्य वाढलं आहे. पण त्यातल्याच काहींना, आधी कधी सांधे दुखले नसताना, उपचार सुरू झाल्यावर सुजलेले सांधे, आतड्याचा दाह, थायरॉइडचा बिघाड असं काहीबाही सुरू होतं. पूर्वी हेपटायटिस सी साठी इंटरफेरॉन दिलं जायचं, तेव्हा काहींना ल्यूपससारखा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. संदेश जे करायला सांगतो ते खरोखर करून दाखवणारी औषधं आहेत, आणि त्यांनी सांधे बरे झाले नाहीत, उलट सुजले.

आता अर्धसत्य. रक्तातलं सी1क्यू नावाचं प्रथिन जन्मतः नसलेल्या मोजक्या लोकांपैकी बहुतेकांना ल्यूपस होतो. म्हणजे प्रतिकारयंत्रणेतली उणीवही कारण ठरू शकते. पण का? मेलेल्या पेशींचा कचरा उचलण्यात या प्रथिनाचा हात असतो. कचरा पडून राहिला की पेशीच्या केंद्रातला, एरवी झाकलेला माल उघड्यावर येतो आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात. ही अगदी नेमकी उणीव आहे. कुठल्याही डबीतल्या ‘बूस्टर’ने ती भरून निघत नाही.

‘शरीर स्वतःवर कधीच हल्ला करत नाही’

हे म्हणणं नवं नाही. पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञानेही 1900 च्या सुमारास साधारण असंच मांडलं होतं, की शरीर स्वतःला विषारी ठरणारं काही घडू देणार नाही. त्याच्या अधिकारामुळे हा विचार बराच काळ टिकला. 1950 च्या दशकात थायरॉइडच्या आजारात रुग्णाच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, तेव्हा तो मावळला. म्हणजे संदेशाने संशोधनाला खोडून काढलेलं नाही. संशोधनाने सत्तर वर्षांपूर्वी टाकून दिलेलं मत तेवढं उचललं आहे.

‘प्रतिपिंडं आजारामुळे होत असतील, आजार त्यांच्यामुळे कशावरून?’ ही शंका मात्र रास्त आहे. तिचा एक सुंदर तपास अमेरिकी लष्करात साठवलेल्या रक्तजलाच्या (सीरमच्या) नमुन्यांवर झाला. सैनिकांचं रक्त वेळोवेळी घेऊन गोठवून ठेवलेलं होतं. पुढे ज्यांना ल्यूपस झाला अशा 130 जणांचे जुने नमुने काढून तपासले. 115 जणांच्या रक्तात निदानाआधीच किमान एक स्वविरोधी प्रतिपिंड होतं, काहींत तर नऊ वर्षांहून आधीपासून. आणि ती एकदम आली नव्हती. काही प्रकार फार लवकर दिसत, काही लक्षणं जवळ आली की, आणि निदान जवळ येईतो त्यांची संख्या वाढत जाई. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं. माणूस ठणठणीत असताना, कवायत करत असताना, आत हे चाललेलं होतं. रुमेटॉइड आर्थ्रायटिसमध्येही असंच दिसतं. धूम्रपान हे तिथलं एक ठळक कारण आहे : फुप्फुसातली प्रथिनं बदलतात आणि ठराविक जनुकं असणाऱ्यांत त्या बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं उभी राहतात, असा पुरावा आहे.

बरं, स्वतःविरुद्ध जाऊ शकणाऱ्या पेशी तुमच्या-माझ्यातही आहेत. त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवल्या. त्यांचा कळीचा जनुक मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी शोधला. तो बिघडलेल्या बाळांना अगदी लहानपणीच गंभीर ऑटोइम्यून, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचा, आजार होतो. तिघांना 2025 चं नोबेल मिळालं. थोतांडाला इतका नेमका जनुक नसतो.

‘आरए फॅक्टर निगेटिव्ह म्हणजे आजार नाही’

चूक, आणि उलटंही चूक. रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या बऱ्याच रुग्णांत हा घटक सापडतच नाही, आणि हेपटायटिस सी असलेल्यांत किंवा धडधाकट वृद्धांत तो सापडू शकतो. एएनए, म्हणजे पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, तिचंही तेच. त्या चाचणीत रुग्णाचं रक्तजल पातळ करत करत काचपट्टीवरच्या पेशींवर टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसते का ते बघतात. कमी पातळ केलेल्या रक्तजलात निरोगी माणसांपैकीही बऱ्याच जणांची चमक दिसते. नुसता कागद बघून घाबरू नये, आणि नुसता कागद बघून निश्चिंतही होऊ नये. डॉक्टर सांधे दाबून बघतात ते उगाच नाही.

‘मेथोट्रेक्झेट कॅन्सरचं विष आहे’

औषध तेच, पण मात्रा अजिबात ती नाही. संधिवातात आठवड्यातून एकदा, साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. काही कॅन्सरमध्ये ते एका वेळी ग्रॅमच्या हिशेबात दिलं जातं. कमी मात्रेत ते पेशी मारण्याऐवजी मुख्यतः दाह शमवणारं अ‍ॅडेनोसिन वाढवतं, असं मानलं जातं.

धोके आहेत, ते दडवण्यात अर्थ नाही : यकृतावर परिणाम होऊ शकतो, रक्तपेशी घटू शकतात, गरोदरपणात तर ते चालतच नाही. म्हणून ठराविक काळाने रक्ततपासणी आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. सर्वांत घातक चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेणं. त्याने जीव गेले आहेत. संदेशाला भीतीच घालायची होती तर ही घालायची.

‘स्टिरॉइडपलीकडे काही मिळालं नाही’

1948 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी एका रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली ती तरुणी काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये नोबेल मिळालं. दुष्परिणाम लवकरच कळले. गोष्ट इथे संपली असती तर संदेश बरोबर ठरला असता.

लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. त्या पेशी दाहाची अनेक प्रथिनं सोडत होत्या. त्यातल्या एकाच, टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवलं, तर इतरही काही प्रथिनं खाली आली. म्हणजे यात कोणीतरी मुकादम होता. 1992 मध्ये पहिल्या रुग्णांना त्याविरुद्धचं प्रतिपिंड टोचलं गेलं आणि त्या दशकाच्या अखेरीस ही औषधं बाजारात आली. ती सर्वांना लागू पडत नाहीत, महाग आहेत, आणि दबलेला क्षय त्यांनी उसळू शकतो म्हणून आधी त्याची तपासणी करावी लागते. पण ‘काही नाही’?

त्यानंतरचं ताजं काम जर्मनीतल्या एर्लांगनचं. कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या ल्यूपसच्या आणि तशाच इतर आजारांच्या रुग्णांच्या टी पेशी काढून, प्रतिपिंडं बनवण्यामागच्या बी पेशींचा माग काढतील अशा बदलून, परत सोडल्या. 2024 मध्ये 15 रुग्णांचा अहवाल आला. त्यातल्या ल्यूपसच्या आठही जणांचा आजार शमला आणि नेहमीची औषधं बंद करता आली. संख्या लहान आहे, काळ थोडा आहे, उपचार अवघड आहे. यावर उद्याच उड्या मारू नयेत.

‘पोट साफ ठेवा, गोळ्या बंद करा’

आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध खोटा नाही. नव्या रुग्णांत एक विशिष्ट जिवाणू जास्त सापडल्याचं 2013 मध्ये दिसलं. पण त्यावरून ‘पोट साफ केलं की सांधे साफ’ हे कोणी दाखवलेलं नाही.

गोळ्या बंद करण्याबद्दल मात्र थेट पुरावा आहे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीवर स्थिर असलेले ल्यूपसचे 47 रुग्ण होते. काहींची गोळी चालू ठेवली, काहींना नकळत बिनऔषधी गोळी दिली. सहा महिन्यांत गोळी चालू असलेल्या 25 पैकी 9 जणांचा आजार उसळला, बंद झालेल्या 22 पैकी 16 जणांचा. आजार शांत राहिला तर डॉक्टर स्वतःहून मात्रा उतरवतात, पण टप्प्याटप्प्याने आणि तपासण्या करत. स्टिरॉइड तर बराच काळ घेतल्यावर एकदम सोडायचं नसतंच, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं मंदावलेलं असतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. ‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्या संदेशात याबद्दल एक शब्दही नाही.