हिरड्यांची सूज आणि वजन : फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘दातांचे स्केलिंग (दातांवर साचलेले किटण काढणे) करा, अंगातली सूज उतरून महिन्याभरात वजन घटेल, विशेषतः बायकांचे’ असा संदेश कोथरूड परिसरातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. तो दिशाभूल करणारा आहे.

लठ्ठपणा आणि हिरड्यांचा आजार पुष्कळदा एकत्र आढळतात, हे खरे. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात आणि ब्रश लागताच रक्त येणाऱ्या हिरड्याही त्यात भर घालतात, म्हणून रक्ततपासणीत सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) वाढलेले दिसू शकते. हिरड्यांवरील उपचारांनंतर ते थोडे उतरते, मधुमेहींची साखरही काहीशी सुधारते, असे अभ्यासांत दिसले आहे. वजन घटल्याचा मात्र भरवशाचा पुरावा नाही. संदेशात बायकांचा खास उल्लेख असला, तरी हिरड्यांचा गंभीर आजार पुरुषांत अधिक आढळतो, आणि मशेरी लावणाऱ्या स्त्रियांनाही त्याचा धोका असतोच.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा अवश्य पाठवावा.