पडणारी केस पडणार आहे, हे अशिलाला आधी सांगा

वकिलाने कोर्टाशी खरं बोलावं, हे सनद मिळाल्या दिवसापासून आम्हाला ऐकवलं जातं. अशिलाशी खरं बोला, असं मात्र फारसं कुणी बजावत नाही. दिवाणी बाजूला वकिली करताना मला दुसरीच गोष्ट जास्त अवघड वाटत आली आहे. समोर फी देणारा माणूस बसलेला असतो, सातबाऱ्यांची पिशवी मांडीवर असते, आणि त्याला सांगायचं असतं की काका, दावा मुदतीत बसत नाही.

या बाबतीत वसाहतकाळातल्या एका प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. महात्मा हा शब्द घटकाभर बाजूला ठेवा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत काळ्या कोटात उभे राहणारे बॅरिस्टर गांधी डोळ्यांसमोर आणा. पारशी रुस्तमजी हे डरबनचे मोठे व्यापारी. गांधींचे अशील, आणि त्याहून अधिक जवळचे मित्र. जानेवारी १८९७ मध्ये गोऱ्या जमावाने गांधींना मारहाण केली तेव्हा आसरा मिळाला तो याच रुस्तमजींच्या घरी. हे रुस्तमजी मुंबई-कलकत्त्याहून माल मागवत आणि अधूनमधून जकात चुकवत. जकातीच्या अधिकाऱ्यांचा त्यांच्यावर इतका विश्वास की मालाकडे कुणी संशयाने बघत नसे. एक दिवस प्रकरण उघडकीला आलं आणि ते धावत गांधींकडे आले.

आता विचार करा. ज्याने आसरा दिला तो माणूस रडवेला होऊन समोर बसला आहे. अशा वेळी 'काळजी करू नका शेठ, बघतो मी' हे शब्द किती सहज तोंडातून गेले असते! गांधींनी सांगितलं, कबूल करा. रुस्तमजी म्हणाले, तुमच्यापुढे कबूल केलं, तेवढं पुरे नाही का? त्यावर गांधींचं म्हणणं असं की गुन्हा माझ्याविरुद्ध नाही, सरकारविरुद्ध केला आहे, माझ्यापुढच्या कबुलीने काय होणार?

रुस्तमजींच्या आग्रहावरून त्यांच्या जुन्या वकिलाचाही सल्ला घेतला गेला, आणि मला तो भाग फार महत्त्वाचा वाटतो. तो वकीलही खोटं बोलला नाही. खटला ज्युरीपुढे चालेल आणि नाताळची ज्युरी हिंदी माणसाला सोडणार नाही, तरी आशा सोडायला नको, असं त्याने सांगितलं. गोऱ्यांच्या राज्यात काळ्या माणसाच्या वाट्याला काय येणार, याचा तो अचूक अंदाज होता. पण एवढं सांगून वकिलाचं काम संपतं का? माझ्या मते नाही. निकालाचा अंदाज सांगणं वेगळं आणि 'तुम्ही केलंत ते चूक आहे, आता त्याला सामोरे जा' हे सांगणं वेगळं. गांधींनी दोन्ही सांगितलं. तुरुंगात जाण्याची तयारी ठेवा, शरम गुन्हा करण्यात आहे, तुरुंगात जाण्यात नाही, इथपर्यंत सांगितलं. मग रुस्तमजींच्या संमतीने ते जकात अधिकाऱ्याला भेटले, अ‍ॅटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांना, भेटले, सगळे हिशेब उघडे केले. चुकवल्याचं जेवढं कबूल केलं होतं त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून भरायची, एवढ्यावर खटला मिटला. रुस्तमजींनी सगळी हकीकत लिहून काढली आणि चौकट करून स्वतःच्या कचेरीत टांगली.

इथे माझी एक अस्वस्थताही नोंदवते. रुस्तमजी पैसेवाले होते, त्यांच्यासाठी अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत जाता आलं. नाताळच्या मळ्यावरच्या गिरमिट्याने, म्हणजे करारावर नेलेल्या हिंदी मजुराने, सगळं खरं सांगितलं असतं तर त्याला ही तडजोड मिळाली असती असं मला वाटत नाही. म्हणून 'खरं बोला, सगळं नीट होतं' असा अर्थ मी या गोष्टीतून काढत नाही. खरं सांगूनही माणूस तुरुंगात जाऊ शकतो. फक्त तो डोळे उघडे ठेवून जातो. तो हक्क त्याचा आहे, आणि त्याचा वकील तो त्याच्यापासून लपवू शकत नाही.

दक्षिण आफ्रिकेतलाच दुसरा एक दावा हिशेबाचा. लवादाचा निवाडा गांधींच्या अशिलाच्या बाजूने लागला होता, पण त्यात एक रक्कम भलत्या बाजूला पडली होती. चूक क्षुल्लक, पण अशिलाच्या फायद्याची. मोठे वकील म्हणाले, ती कबूल करायची काही गरज नाही. कबूल केली तर सगळा निवाडाच रद्द व्हायचा. गांधींचं मत उलट. पण त्यांनी परस्पर कोर्टात जाऊन सांगितलं नाही. आधी अशिलाला धोका समजावला, त्याने हरलो तर हरलो म्हणून होकार दिला, मगच ते उभे राहिले. न्यायाधीशांना सुरुवातीला त्यात लबाडीचा वास आला. शेवटी तेवढी चूक दुरुस्त होऊन निवाडा कायम राहिला. निकालापेक्षा मला त्या होकाराचं मोल जास्त वाटतं.

आपल्याकडे त्या काळी काय होतं? १८७५ साली पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, त्यामागे एकतर्फी हुकूमनाम्यांची, म्हणजे शेतकरी कोर्टात हजर नसताना लागलेल्या निकालांची, मोठी चीड होती. कोर्ट म्हणजे काय, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) कधी द्यायची, हे सांगणारंच कुणी नव्हतं. १८७९ च्या दख्खनमधल्या शेतकऱ्यांच्या कायद्याने कर्जाचा जुना हिशेब तपासायचं काम कोर्टावर टाकलं. मुंबईतली परिस्थिती वेगळी, पण फार चांगली नाही. गांधींना तिथल्या पहिल्याच खटल्यासाठी दलालाला कमिशन द्या म्हणून सांगण्यात आलं, आणि मोठमोठे वकील देतात हेही ऐकवण्यात आलं. त्यांनी दिलं नाही. पुढे स्मॉल कॉजेस कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, उलटतपासणीला उभे राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा मला जमणार नाही, दुसरा वकील करा आणि फी परत घ्या, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. स्वतःची कुवत अशिलाला सांगणं हेही याच कर्तव्यात मोडतं असं मी मानते. आमच्यातले कितीजण हे करतात?

२०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १२६ आठवा. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने त्याच्या संमतीशिवाय फोडायचं नाही. अशिलाने मनातलं सगळं बोलावं म्हणून इंग्रजांच्या कायद्याने ही भिंत बांधली. पण भिंतीच्या आत वकिलाने काय बोलायचं, याबद्दल कायदा गप्पच राहिला. आजही बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, नियम १४ आहे तो पक्षकारांशी वकिलाचा काही संबंध किंवा वादात हितसंबंध असेल तर तो अशिलाला सांगण्याबद्दल. तो हवाच. पण वाटपाच्या दाव्यात दोन पिढ्या तारखा घेतलेल्या घरांना त्याने काय मिळालं? अशी माणसं माझ्याकडे येतात. आजोबांना कुणी पहिल्या वर्षी तडजोड करा म्हणालं असतं तर, असं नातू विचारतो, आणि माझ्यापाशी उत्तर नसतं. दक्षिण आफ्रिकेतले व्यापारी दादा अब्दुल्ला यांनी नातेवाईक तय्यब शेठवर लावलेल्या चाळीस हजार पौंडांच्या दाव्यातही वकिलांच्या फिया फुगत चालल्याचं बघूनच गांधींनी दोन्ही नातेवाइकांना लवादाकडे वळवलं होतं.

सहकारी म्हणतात, इतकं स्पष्ट बोललीस तर अशील दुसरीकडे जाईल. जातोच कधी कधी. गांधींकडेही लोक स्वच्छ प्रकरणं आणत आणि संशयास्पद प्रकरणं दुसरीकडे नेत, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वकिली तरीही त्यांची चांगली चालली.

माझी मागणी साधी आहे. वकीलपत्रावर सही घेण्याआधी वकिलाने एक पान मराठीत लिहून द्यावं: दाव्याची बलस्थानं, कच्चे दुवे, लागणारा अंदाजे काळ आणि खर्च, तडजोडीची वाट. अशिलाची सही त्या पानावरही घ्यावी. बार कौन्सिलने हा नियम करावा म्हणून मी पत्र लिहिते आहे. ज्या वकील मित्रमैत्रिणींना पटतं त्यांनी खाली नाव लिहा, मसुदा पाठवते.